चाच्यांचा माल आणि मंद्रूपची शेळी

समुद्रावरच्या दरोड्याचा तपास सोलापूर जिल्ह्यात लागला असं मी सांगतो, तेव्हा लोक माझ्या वयाकडे बघून नुसती मान डोलावतात. पण ती घटना मला आजही काल घडल्यासारखी आठवते. इंग्रजी अमदानी होती, तिसाव्या सालाच्या जरा अलीकडचे दिवस. मी नुकताच फौजदार झालो होतो आणि मंद्रूपच्या आठवडी बाजारात बंदोबस्तावर होतो.

एक धनगर बाई शेळी उचलून थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. शेळीचा पुढचा पाय लोंबत होता.

"सायेब, त्या लुगडीवाल्यानं गजानं हानली बगा हिला. माजी फिर्याद घ्या."

हवालदार हसला. "मावशी, कापड खाल्लं असेल तिनं."

"न्हाय वो! कापड खायाला ती काय येडी हाय व्हय? नुसती चाटत हुती. हाकललं तरी पुना तितंच जाती की."

हवालदाराचं हसू चालूच होतं, माझं मात्र थांबलं. माझं बालपण सांगोल्याकडे शेळ्यामेंढ्यांमागे गेलं. शेळी लोणा चढलेली भिंत चाटते, आपला घामेजलेला हात चाटते, कारण तिला मीठ लागतं. मग कोऱ्या लुगड्यात मीठ कुठून आलं? मी त्या दुकानावर गेलो, गठ्ठ्यातलं एक लुगडं ओढलं आणि पदर जिभेला लावला. फौजदार लुगडं चाटतोय हे बघायला अर्धा बाजार गोळा झाला. लुगडं चांगलंच खारट होतं.

थोड्या दिवसांपूर्वी मुंबईहून एक परिपत्रक आलं होतं. सोलापुरी लुगड्यांचे गठ्ठे घेऊन कोकणात निघालेला शिडाचा एक पडाव वारा पडल्यामुळे वाटेत अडकला आणि चाच्यांनी तो लुटला. निदान पडावाचा तांडेल, म्हणजे त्याचा कप्तान, तसं सांगत होता. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. मालकाचा माल यानंच विकला आणि चाच्यांची गोष्ट रचली, असं धरून त्याला कोठडीत टाकलं होतं आणि पडाव जप्त झाला होता. गुन्हा शाबित झाला असता तर त्याची उमर तुरुंगात गेली असती आणि घरचे रस्त्यावर आले असते. आमच्या जिल्ह्याला समुद्रच नाही, म्हणून ते परिपत्रक आम्ही वाचून बाजूला ठेवलं होतं.

पंचांसमक्ष माल ताब्यात घेतला आणि दुकानदाराला चौकीत बसवलं. गडी मुरलेला होता.

"साहेब, सोलापुरात सोलापुरी लुगडं विकायचं नाही, असा काही कायदा निघालाय का?"

युक्ती नामी होती, हे मान्य करायला हवं. माल जिथला तिथंच आणून विकला तर संशय कोणाला येणार?

मारहाणीवर माझा कधीच भरवसा नव्हता. मार खाल्लेला माणूस बोलतो खरा, पण तुम्हाला हवं तेवढंच बोलतो. मी परातीत थोडं पाणी घेऊन लुगडं त्यात भिजवलं, पिळलं आणि ते पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवलं. "घ्या घोटभर."

त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, साहेब. डाग पडला होता, म्हणून धुतलं."

"बरं. मग चला विहिरीवर. दुसरं लुगडं तिथं भिजवू, वाळवू आणि या शेळीपुढे टाकू. तिनं चाटलं तर तुम्ही सुटलात."

हवालदारानं एव्हाना शेळीच्या पायाला कामट्या बांधल्या होत्या. ती दारात बसून रवंथ करत होती. दुकानदारानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि तो उठेचना. कायद्याला न भ्यालेला माणूस शेळीला भ्याला.

मग सगळं बाहेर आलं. त्याचा मेहुणा किनाऱ्यावरच्या एका खाडीत राहून चाच्यांचा माल घ्यायचा. लुटीच्या वेळी गठ्ठे समुद्राच्या पाण्यात भिजले होते. गोड्या पाण्यात धुतले असते तर खळ जाऊन लुगड्यांचा कोरेपणा गेला असता, म्हणून ती नुसती उन्हात वाळवून इकडे पाठवली. त्यानं चाच्यांची नावंही सांगितली.

मी मुंबईला तार केली. उत्तरादाखल फार तर शाबासकीचं पत्र येईल असं वाटलं होतं. आला तो गस्तीच्या लढाऊ जहाजाचा कप्तान, खुद्द, आगगाडीनं. गोरा साहेब, सोलापूरच्या उन्हात टोमॅटोसारखा लाल झालेला. आल्या आल्या त्यानं शेळी कुठे आहे ते विचारलं. आम्ही त्याला बाईच्या पालावर नेलं, तर त्यानं टोपी काढून बाईला रामराम केला. बाई म्हणाली, "ह्यो बरा हाय की, मानसात आल्यागत."

परतताना त्यानं मला खरी गोष्ट सांगितली. आधीच्या लुटींवरून त्या खाडीवर संशय होताच आणि मुंबईतल्या काही बड्या अधिकाऱ्यांचा विचार तिथल्या झाडून सगळ्या होड्या तोफा डागून बुडवण्याचा होता. साहेबाला ते पसंत नव्हतं. होड्या बुडाल्या तर चाचे दुसऱ्या चोरतील, कोळी मात्र उपाशी मरतील आणि पुन्हा सरकारला खबर कोणी देणार नाही, असं त्याचं म्हणणं. पण हातात नावं नव्हती, म्हणून त्याचं कोणी ऐकत नव्हतं. मोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला, "तोप को सिर्फ नाव दिखती है, फौजदार. आदमी तुमने दिखाया."

पुढे त्यानं जे केलं त्याला तोड नाही. भर दिवसा जहाज खाडीच्या तोंडाशी आणून नुसतं उभं केलं, कोणी पळू नये म्हणून. आत गेले ते तिथले पोलीस, नावं घेऊन. होड्यांना धक्का लागणार नाही हा साहेबाचा शब्द होता, म्हणून कोळ्यांनीच घरं दाखवली. चाचे धरले गेले आणि मेहुणाही. तोफेचा एकही बार उडाला नाही. तांडेलाला साहेबानं आधीच कोठडीतून सोडवून आणलं होतं. ओळख पटवायला त्याला जहाजावर नेलं, तेव्हा खाली बसू दिलं नाही, शेजारी खुर्ची दिली. परक्या राज्यातला तो परका अधिकारी, पण माझ्या नोकरीत मी त्याच्याएवढा मोठा माणूस दुसरा पाहिला नाही.

समुद्रावर दरोडे पडले की सरकारं जहाजं आणि तोफा मोजत बसतात. जहाजं हवीतच. पण चाचा पाण्यावर लुटतो आणि जमिनीवर विकतो. त्याचा बाजार बंद करा आणि किनाऱ्यावरच्या गरिबाला आपल्या बाजूला ठेवा, एवढं मी त्या तपासात शिकलो.

काही महिन्यांनी बाजाराच्याच दिवशी एक सावळा, रापलेला माणूस पत्ता विचारत चौकीत आला. तो तांडेल होता. पडाव परत मिळाला होता, आणि तो एवढ्या लांब फक्त त्या बाईला भेटायला आला होता. मी त्याला पालावर घेऊन गेलो. शेळी किंचित लंगडत पुढे आली. त्यानं कमरेची पुरचुंडी सोडून मिठाचे खडे तळहातावर घेतले आणि तिच्यापुढे धरले.

"बाय, हा तुझ्या शेळीचा वाटा," तो बाईला म्हणाला आणि शेळी हात चाटत असताना घळघळा रडला.

मिठावर तेव्हा सरकारी कर होता. त्या मिठाचा भरला होता का, ते मी विचारलं नाही.