वेवजीच्या आंब्याची होडी

काल नव्या बंदराविरुद्धच्या मोर्चाची पत्रकं न्यायला सुकटीची जुनी टोपली घेतली आणि त्या वासासरशी मी पुन्हा नऊ वर्षांची झाले.

आमची होडी एकाच आंब्याच्या खोडातून कोरलेली. तो आंबा वेवजी गावच्या एका शेतकरी घराने आजोबांना दिला होता, म्हणून हंगामातल्या पहिल्या सुक्या बोंबलांची टोपली आधी त्यांच्याकडे जायची. त्या वर्षी बाबांसोबत मी गेले.

घरातले म्हातारे सोनूकाका टोपली हुंगून म्हणाले, "काय रे, आमचा आंबा पोहतो ना अजून?"

"तुमच्यापेक्षा बरा पोहतो, काका!" बाबा हसले.

"आणि फळं बोंबलाची देतो," काकू चुलीजवळून ओरडल्या.

जेवायला मला एका जाड, ओबडधोबड पाटावर बसवलं. "होडी कोरून उरलेलं लाकूड आहे. ह्यावर मान होडीवाल्यांचाच," काका म्हणाले. मला तो नुसता टोचत होता.

परवा बंदराच्या सुनावणीत साहेब म्हणाले, "होडी कधी, कुठे बांधली, याची कागदोपत्री नोंद नाही. तुमची इथली मासेमारी जुनी कशी मानायची?"

नोंद आहे, साहेब. तालुक्यापलीकडचं एक घर दरवर्षी आमच्या होडीची खुशाली विचारतं. बघायची असेल तर चला वेवजीला. बोंबील आम्ही आणतो. पण तिथे तुम्हाला जमिनीवर बसावं लागेल. पाट आमचा आहे.