सीट निघाली की माणूस अडकतो

मोटरसायकलची सीट शिवणाऱ्याकडे किस्से का साचतात, ते सांगतो. सलूनमध्ये माणूस डोळे मिटून घेतो. गॅरेजला गाडी टाकून निघून जातो. माझ्याकडे आला की मी आधी सीट काढून घेतो. मग गाडी आहे, पण बसता येत नाही. माणूस स्टुलावर टेकतो आणि बोलायला लागतो. मी बोलत नाही. माझ्या तोंडात दोरा असतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. दुकान पंचवटीत, पेठ नाक्याजवळ. वडील टांग्याच्या गाद्या शिवायचे, मी सीटा शिवतो. शेजारी युसूफभाईचं पंक्चरचं दुकान. माझ्या वाटणीचंही तोच बोलतो.

पाडव्याला समोर संदीपने रेडिमेड कव्हरचं दुकान काढलं. फाटक्या सीटवर नवं कव्हर ओढायचं, खाली पिना मारायच्या, गाडी रवाना. पेढे घेऊन आला, पाया पडला. म्हणाला, "काका, आशीर्वाद द्या." मी दिला. पोरगा चांगला आहे. काम वाईट आहे.

युसूफभाई म्हणाला, "चाचा, दुश्मन पाया पडला की भांडता पण येत नाही. पेढा खा."

पेढा खाल्ला. पावसाळा लागेपर्यंत माझं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे गेलं.

घरची म्हणाली, "आपणही दारात चार कव्हरं लटकवा."

"फाटलेलं झाकणं हे माझं काम नाही."

"मग शटर झाका."

शेवटी असं ठरलं, की दिवाळीपर्यंत बघायचं. दुकान चाललं तर ठीक. नाही चाललं तर दारात कव्हरं लटकवायची. माझं नाक कापलं जायचं ते तेव्हा जाईल. तिने दुसऱ्याच दिवशी दाराला दोरी बांधून ठेवली.

*

पावसात हरसूलकडच्या शाळेतले एक सर आले. त्यांनी आधी संदीपचं कव्हर घातलं होतं. वरून चकाचक, आतला फोम भिजलेला. बसलं की पाणी पिनांच्या भोकांतून वर. सर रोज शाळेत पोचायचे ते पाठीमागून ओले.

"मग शिकवता कसं?" युसूफभाईने विचारलं.

"वर्गाकडे तोंड करून. फळ्याकडे वळतच नाही. मुलांना वाटतं, सरांनी नवीन पद्धत काढली. परवा साहेब तपासणीला आले, म्हणाले, फळा न वापरता एवढं शिकवणारा शिक्षक तालुक्यात नाही."

मी फोम बदलला, रेक्झिन शिवलं, शिलाईवर आतून पट्टी लावली. सर बसले, उठले, हात मागे लावून बघितला. कोरडं. पण चेहरा पडला.

"काय झालं सर?"

"आता फळ्यावर लिहावं लागणार."

*

अवसेला मी नव्या कामाला सुई लावत नाही. वडिलांची रीत. त्या दिवशी दुकान उघडतो, मशीन पुसतो, बसून राहतो. एका अवसेला एक गुरुजी घाईघाईने आले. रामकुंडावर यजमान खोळंबलेले आणि यांचं धोतर सीटच्या फाटक्या कडेत अडकलं होतं. ते युसूफभाईने सोडवलं.

"दोन टाके घाला हो पटकन. परत येताना पुन्हा अडकेल."

"आज अवस. सुई लावत नाही."

"काहीतरीच काय? अवसेला शिवू नये असं शास्त्रात कुठंही नाही. मी सांगतो ना."

"आमच्या वडिलांना एका गुरुजींनीच सांगितलं होतं."

"कोण असला गुरुजी?"

"तुमचे आजोबा."

 गुरुजींनी धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट घेऊन आले. समोर संदीपचं दुकान अवसेलाही उघडं होतं, पण तिकडे गेले नाहीत. आजोबांचा मान राखला.

*

नामपूरचा एक कांदेवाला बायकोला घेऊन आला. सीट मधोमध फाटलेली. त्याला सपाट पाहिजे, कारण मागे गोणी ठेवता येते. तिला मागे उंचवटा पाहिजे, कारण ब्रेक लागला की ती पुढे घसरते. आधी समोर गेले होते, पण संदीपने हात जोडले. रेडिमेडमध्ये नवराबायको एकाच मापाचे असतात.

बाई नवऱ्याला म्हणाली, "कांदानी गोणी शे का मी?"

तो म्हणाला, "गोणी बोलत नही."

एवढं बोलला आणि तिथेच हरला. मी मागे फोम चढवला, मऊ केला, मध्ये शिलाईची आडवी रेघ मारली. पुढचं जसं होतं तसं ठेवलं.

महिन्याभराने तो एकटाच आला. म्हणे, पुढचंही मऊ करून द्या.

"का? तुम्हाला टोचतं का?"

"मी आता मागे बसतो. गाडी ती चालवते."

*

काम चालू असताना गाडी नेऊ नये, हे मी बजावून सांगतो. घोटीचा एक भाताचा व्यापारी ऐकेना. फोन आला म्हणून बिनसीटची गाडी घेऊन उभ्याउभ्याच निघाला. नाक्यावर हवालदाराने अडवलं. हेल्मेट आहे. लायसन आहे. पीयूसी आहे. विम्याचा कागद आहे.

"सीट कुठंय?"

"शिवायला टाकली साहेब."

हवालदार गाडीभोवती फिरला. मोबाईलमध्ये बघितलं. दुसऱ्या हवालदाराला बोलावलं. तोही फिरला. बिनसीटची गाडी चालवली तर काय लावायचं, ते दोघांनाही सापडेना.

शेवटी पहिला म्हणाला, "जा. सापडलं की बोलावतो."

*

श्रावण गेला, गणपती बसले, उठले, आणि दुकानावर सामसूम झाली. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. स्टूल रिकामं. घरची दुपारी डबा द्यायला यायची आणि दाराच्या दोरीला हात लावून, घट्ट आहे का ते बघून जायची. 

युसूफभाईला राहवेना. "चाचा, सीट सगळ्यात जास्त कोण फाडतं?"

"मांजर."

"मग सोडू का गल्लीत पाचसहा?"

"नको."

"अरे, तुमच्या भल्यासाठी."

"मांजराने सीट फाडली तर माणूस कुठे जाईल?"

त्याने समोर बघितलं. तिकडे तीन गाड्या रांगेत होत्या. "हां," म्हणाला, आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला.

*

दसऱ्याच्या आधी एका दुपारी संदीप आला. रस्ता पेंगत होता. त्याच्या स्वतःच्या गाडीची सीट त्याने गोणपाटात गुंडाळून आणली होती. भावाने गाडीवरून गॅसची टाकी नेली, टाकीच्या कडेने सीट कापली. वर कव्हर घातलं तर मध्ये खड्डा पडतो. खड्ड्यात संदीप पडतो.

"काका, शिवून द्या. पण वरून माझं कव्हर चढवा. लोकांनी बघितलं तर धंदा बसेल."

"शिवतो. कव्हर चढवणार नाही."

तो स्टुलावर बसला. पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं बोलला. मी शिवत राहिलो. गडद तपकिरी रेक्झिन, दुहेरी शिलाई, कडेला गोठ. पाठीला टेकू येईल असा मागे चढ दिला. संदीपने बसून बघितलं आणि बराच वेळ तो उठला नाही.

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

"तुझी गाडी, तुझं तोंड."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी आपल्या दुकानाच्या कडेला, भिंतीला खेटून लावली आणि सीटवर वर्तमानपत्र टाकलं. दुपारी वाऱ्याने वर्तमानपत्र उडालं. कव्हर घ्यायला आलेला एक जण वेळ घालवायला त्या सीटवर टेकला. मग त्याने हात फिरवला. मग खाली वाकून शिलाई बघितली. आम्ही दोघं इकडून बघत होतो. युसूफभाईने पंप मारायचा थांबवला.

गिऱ्हाईक मोठ्याने म्हणालं, "मला ते लटकवलेलं नको. हे असलं पाहिजे."

संदीपने रस्त्यापलीकडे माझ्याकडे बघितलं. मी मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला.

"हे इथं मिळत नाही," संदीप म्हणाला. "मागवावं लागतं. सीट ठेवून जा."

संध्याकाळी तो गोणपाटात सीट घेऊन आला. गुपचूप माझ्यासमोर ठेवली.

मी विचारलं, "कुठून मागवतो म्हणून सांगितलंस?"

"मुंबईहून."

"मग परवा ये," मी म्हणालो. "मुंबई लांब आहे."