ताईचा भास्कर ड्यूटीवर

माझ्या आतेबहिणीइतकी रिकामपणाची वैरीण अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात, पार उमरखेडपासून मारेगावपर्यंत शोधली तरी दुसरी सापडायची नाही. तिने सारा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला, शेवटी शेवटी तर ती वॉर्डाची हेड सिस्टर होती. निवृत्त होऊन ती बाभुळगावच्या घरी बसली असं लोक म्हणतात, पण बसलेली मी तरी तिला पाहिलेली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने गल्लीतल्या सगळ्यांचे रक्तदाब मोजून त्यांचा तक्ता भिंतीवर लावला. ज्याचा आकडा जास्त, त्याच्या घरी ती ऐन जेवणाच्या वेळी हजर व्हायची आणि लोणच्याची बरणी उचलून आणायची. दुसऱ्यांच्या लोणच्याच्या सात बरण्या तिच्या फळीवर मी स्वतः पाहिल्या आहेत. "ताई, आता आराम कर ना," असं मी तिला आयुष्यात एकदाच म्हणालो. "आराम पेशंटनं करायचा असते, बापू. मले काय झालं?"

अशा बाईच्या घरी भास्कर आला. त्याचं खरं नाव ऑस्कर. ताईच्या पुण्यातल्या मुलाने त्याला हौसेने विकत घेतलं होतं. काळापांढरा, झुबकेदार शेपटीचा, मेंढ्या वळणाऱ्या विलायती जातीचा कुत्रा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मेंढ्या कुठल्या असणार? त्याने एक सोफा आणि अर्धं दार खाल्लं. मुलगा हात टेकून त्याला आईकडे सोडून गेला, म्हणाला, सहाच महिने सांभाळ. गल्लीने दुसऱ्याच दिवशी ऑस्करचा भास्कर केला, आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

मेंढ्या इथेही नव्हत्या, पण माणसं होती. ताईच्या अंगणात महिला मंडळाची बैठक भरली, तेव्हा अकरा बाया ऐसपैस दोन सतरंज्यांवर बसल्या होत्या. भास्कर त्यांच्याभोवती फेऱ्या मारत राहिला. कुणाच्या पाठीला नाक लावी, कुणाच्या कोपराला हलकेच ढोसे. भुंकणं नाही की काही नाही. तासाभराने बघतो तर अकराच्या अकरा बाया एका सतरंजीच्या एका कोपऱ्यात, एकमेकींच्या मांडीवर आल्यासारख्या बसलेल्या! अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "इतकी एकी आपल्या मंडळात कधीच नोती."

शेजारचे बाबूजी मात्र हसले नाहीत. तहसीलमधून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज सकाळी एका ठरलेल्या रेषेत फिरायला जायचा. भास्करच्या मते ती रेषा चुकीची होती. त्याने बाबूजींना वळवायचा प्रयत्न केला, ते वळेनात, तेव्हा त्याने त्यांच्या टाचेला दात लावला. रक्त नाही आलं, पण बाबूजी तसेच फाटकाशी आले. "सिस्टर, महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत याची सोय करा. नाही त मी नगरपंचायतीत अर्ज देतो."

ताईने आधी स्वतः उभं राहून बाबूजींना इंजेक्शनं घ्यायला लावली आणि मग भास्करला बांधून ठेवलं. दोन दिवसांत त्याने पुढचा पाय चाटून चाटून सोलून काढला. नजर भिंतीवर, खाणं तसंच पडलेलं. मी गेलो तेव्हा ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली होती. हो, बसली होती! मी घाबरलोच.

"हे दुखनं माह्या ओळखीचं हाये," ती म्हणाली. "रिटायर झाली ना, तवा पहिले चार दिवस मीबी अशीच भिंतीकडं पाहत होती. कोनाले सांगतलं नाही."

यवतमाळला जनावरांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. नुसतं पळवून हा कुत्रा थकणार नाही, त्याच्या डोक्याला काम लागतं, याच्या रक्तातच राखण आहे. ताईचे डोळे असे चमकले की विचारू नका! "म्हंजे याले ड्यूटी पायजे!"

त्याच संध्याकाळी भिंतीवर नवा तक्ता लागला. पहाटे पाचला फेरी, कारण नंतर आपल्याकडचा डांबरी रस्ता त्याचे पंजे भाजतो. निघण्याआधी ताई स्वतःचा उलटा हात रस्त्यावर टेकवून बघायची. मग लपवलेली वाटी शोधणं. दुपारी ओल्या पोत्यावर सक्तीची विश्रांती. संध्याकाळी वस्तूंची नावं: चप्पल, टोपली, झाडू, चष्मा. भास्कर पटापट शिकला. इतका, की "पेपर" म्हटलं की बाबूजींचाही पेपर आणून द्यायचा, आणि ताईला तो घडी घालून परत करावा लागायचा.

पण खरी मजा गावाबाहेरच्या माळावर होती. तिथे शेवंताबाईच्या बकऱ्या चरायच्या. ताईने तिला पटवलं. लांब दोर बांधून भास्करला रोज बकऱ्यांजवळ न्यायचं, ओढला की थांबायचं, शांत झाला की पुढे. हुकूम सगळे दवाखान्यातले. "थांबा!" "लाईनीत!" "एका वेळी एकच!" शेवंताबाई म्हणायची, "बाई, माह्या बकऱ्या काय गोळ्या घ्याले आल्या काय?"

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दोर सोडला तेव्हा मी तिथे होतो. अंगावर काटा आला हो! भास्कर एकदम जमिनीलगत झाला, मान खाली, डोळे रोखलेले. मग असा सुटला! उजवीकडून मोठा वळसा घेऊन तो मागे गेला, आणि माळभर पसरलेल्या बकऱ्या, काय सांगू, मूठ मिटावी तशा एकत्र आल्या. "लाईनीत!" ताई ओरडली, आणि खरोखर लाईन झाली! मी टाळ्या पिटत होतो, शेवंताबाई तोंडावर पदर धरून हसत होती.

फक्त एक झालं. कुठे न्यायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःच्या अकलेने सगळा कळप रस्त्याने थेट घरी नेला. आम्ही तिघं धापा टाकत मागे. वाटेत बाबूजी फिरून परत येत होते, तेही कळपात सामील झाले. आम्ही पोचलो तेव्हा ताईच्या अंगणात सगळ्या बकऱ्या जास्वंद खात होत्या आणि मधोमध बाबूजी काठी छातीशी धरून उभे.

"सिस्टर, मी आता कुठं जाऊ?"

"हालू नका, भाऊ. तुम्ही हाल्ले की तो तुमाले पुन्हा आनते."

बाबूजींनी एक पाऊल टाकून पाहिलं. भास्करने नुसतं बघितलं. बाबूजींनी पाऊल मागे घेतलं, आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. "अवो, तहसीलात असा एक मानूस भेटला असता ना मले!" म्हणाले. अर्ज कुणी दिला नाही. सोमवारपासून बाबूजी स्वतःच माळावर यायला लागले.

सहा महिन्यांनी मुलगा गाडी घेऊन भास्करला न्यायला आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई मुलाला भास्करचं काम दाखवायला माळावर घेऊन गेली. परत आल्यावर तो भास्करच्या अंगातली कुसळं काढत बसला. मग म्हणाला, "आई, राहू दे याला इथंच. पण तू तरी चल ना माझ्यासोबत."

"तिथं माह्यी ड्यूटी काय राहीन रे?" ताई हसत म्हणाली. तो हसला नाही.

दुपारी त्याची गाडी फाटकाबाहेर पडली, तसा भास्कर ताईच्या हातून निसटला आणि गाडीपुढे जाऊन जमिनीलगत झाला, डोळे रोखून. मुलाने गाडी थांबवली. काच खाली करून त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच बाजूने वळसा घालून निघून गेला. भास्कर धूळ बसेपर्यंत उठला नाही.

ताईने या वेळी हुकूम सोडला नाही. चालत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला.

"जाऊ दे बाबू," ती म्हणाली. "हा पुन्याले निंगाला तवा म्याबी याले वळवून पाह्यलं होतं."