छातीतलं पाणी

पनवेलच्या आमच्या डॉक्टरांना घाईनं बोलणं ठाऊकच नव्हतं. पेशंटच्या पाठीवर बोटानं टकटक करत ते डोळे मिटून ऐकत राहायचे. नव्वद सालच्या सुमारास माझ्या बायकोच्या छातीत पाणी झालं आणि घरात सगळ्यांनी कॅन्सरची धास्ती घेतली. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढून तपासलं, तरी उलगडा होईना.

“टीबीची औषधं सुरू करून टाका ना,” मी म्हटलं.

“अंदाजानं नको,” म्हणत त्यांनी फुप्फुसाच्या आवरणाचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला तेव्हा दवाखान्यातली गर्दी तशीच सोडून ते घरी आले. “वहिनी, टीबीच आहे. बरा होतो!” म्हणाले आणि मटकन पायरीवरच बसले. इतके दिवस तेही घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं.