चार वाजताचं ठिकाण

तांब्याची खाण बंद पडली, निम्मं गाव सामान भरून फिनिक्सला गेलं, पण माझी शेजारीण वर्ना स्टॉकर्ड जागची हलली नाही. मुलाच्या लग्नातही ती अशीच हलली नाही. कोल्बीने मारिसोलशी लग्न केलं, चर्च वर्नाच्या दारासमोर, आणि ही बाई पडदा ओढून घरात बसून राहिली. का, तर मुलगी मेक्सिकन. बोलणं तुटलं ते तुटलंच. मला विचाराल तर चूक सगळी तिची.

त्याआधी मायलेकांना एक वेड होतं. तारीख आणि शेअर बाजार उघडतानाचा आकडा कॉम्प्युटरात घातला की तो आपल्या भागातलं एक ठिकाण काढून देतो. माळ, नाला, कुणाचं परसदार, काहीही. तिथे जायचं, दगडांनी तारीख मांडायची आणि परत यायचं. शनिवारी बाजार बंद, शुक्रवारचाच आकडा चालतो, म्हणून शनिवारचं ठिकाण शुक्रवारी सकाळीच कळतं, आणि शनिवारी दुपारी चारला जो येईल त्याला भेटायचं हा रिवाज. कोल्बीनेच तिला हे शिकवलं होतं.

"सरळ फोन कर ना त्याला," मी म्हणायचो.

"मी का करू? त्याला हात नाहीत? तिथं कुणी कुणाला बोलवत नाही, अर्ल. आकडा बोलावतो. त्याचंही नाक वर, माझंही वर."

पण आकडाही तिच्यावर रुसलेला. शनिवारमागून शनिवार ठिकाण लष्कराच्या बॉम्बच्या सरावाच्या मैदानात पडायचं, नाहीतर सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत. शेवटी फेब्रुवारीत एकदा ते कोरड्या नाल्यामागच्या मोकळ्या वाळवंटात पडलं. वर्नाने कोल्बीच्या आवडीचा पीचचा केक भाजला, ओठ रंगवले. तिची गाडी वाळूत रुतली असती म्हणून माझी काढली.

"लिपस्टिक कुणासाठी? निवडुंगांसाठी?" मी म्हटलं.

"तू गाडी चालव."

नाल्यापासून पायी गेलो. हातातलं ठिकाण दाखवणारं यंत्र बघत ती पुढे, मी केक धरून मागे. चार वाजायला अजून वेळ होता. एकाएकी ती थांबली.

वाळूवर आजची तारीख मांडलेली होती. भोवती दगडांचं गोल रिंगण. ते रिंगण फक्त कोल्बी करायचा. बुटांचे ठसे ताजे होते.

"सकाळीच येऊन गेला," मी म्हटलं. मला त्याचा भयंकर राग आला. "तू चारला येणार हे ठाऊक होतं त्याला."

ती खाली वाकून बघत होती. मोठ्या ठशांच्या शेजारी इवलीशी पावलं होती, अनवाणी, सगळीकडे धावलेली. तारखेचा शेवटचा आकडा वाकडातिकडा, बारक्या खड्यांचा.

"कोल्बीचं पोर चालतंय, अर्ल," ती म्हणाली. "पळतंयसुद्धा. आणि मला कुणी सांगितलं नाही."

तिने आपला तळवा एका ठशाशेजारी ठेवला. नंतर आम्ही तिथेच बसलो, कारण चार वाजेपर्यंत थांबायचं असतं. कुणी आलं नाही. केक कापलाच नाही.

परतताना गाडीत ती बाहेर बघत म्हणाली, "पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही."

"म्हणजे हरलीस?"

"थंडीत एवढ्या सकाळी उठवतात रे त्या पोराला, माझ्यामुळे. मी नसले म्हणजे चार वाजता येतील."

तिने रुमालाने ओठ पुसले, जोरजोरात, रंग पुरता जाईपर्यंत.