हनुवटीवरचा व्रण

नातवाने मोबाइलवर कॅनडातली मालिका लावली. त्यातल्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवरचा व्रण दिसला आणि डिंकाचा वास नाकात भरला.

वडूजच्या जत्रेतल्या नाटकात माझा धाकटा भाऊ सलीम राजा झाला होता. आमच्या घरात तोंड रंगवणारा नको, म्हणून मी भर प्रयोगात रंगमंचावर चढलो.

"भाईजान, एवढा परवेश हू द्या की!" सलीम म्हणाला.

मी डिंकाने चिकटवलेली दाढी ओढली. हनुवटीची कातडीही निघाली. लोक हसले.

सलीम पळून गेला, असं मी आयुष्यभर सांगितलं. खरं तर त्याला मीच हाकललं. पुढे तो कॅनडात जाऊन नट झाला. गेल्या महिन्यात वारला.

माझे डोळे पाहून नातू म्हणाला, "दादाजी, बंद करू?"

"न्हाई रं. एवढा परवेश हू दे त्याचा."