थोरल्या साडूंचा आक्षेप

सरकारी वित्तीय नियमांवर मनापासून माया करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बीडच्या कोषागारात ते बिलं तपासायला होते. जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीला सरकारी पैसा हवा असला की तिचं बिल त्यांच्या टेबलावरून पुढे जायचं. खरं तर जायचं नाही, आक्षेप घेऊन मागे यायचं. बाकीचे लोक नियम पाळतात ते धाकाने नाहीतर नाइलाजाने. आमच्या साडूंनी नियमांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती, आणि नवी दुरुस्ती आली की तिची चिठ्ठी खळ लावून ते स्वतः त्या त्या पानावर डकवत. त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोललेलंही त्यांना चालत नसे.

हा स्वभाव कचेरीतच राहिला असता तर गोष्ट वेगळी. लेकीच्या लग्नात आचाऱ्याने सामानाची यादी दिली, तर त्यांनी खाली 'परिमाणाचा आधार नमूद करावा' असं लिहून ती परत केली. बिचारा आचारी तासभर ती यादी उलटसुलट करून बघत होता. शेवटी आधार नावाचा मसाला बीडात कुठे मिळतो, हे त्याने साडूंच्या बायकोला, आमच्या ताईंनाच विचारलं. एकदा सगळ्यांनी लिंबागणेशला दर्शनाला जायचं ठरलं आणि मी हौसेने माझ्या खात्याची सरकारी जीप घेऊन दारात उभा राहिलो. साडूंनी हातातला नारळ सावरत जीपकडे पाहिलं आणि म्हणाले, "गणपतीला चालंल, डॉक्टर. पण लॉगबुकात काय लिवणार?" मग आम्ही सगळे एसटीने गेलो. जीप दिवसभर त्यांच्या दारात उन्हात उभी होती.

मी जनावरांचा डॉक्टर. नांदूरघाटच्या पुढे एका गावात माझा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक कडुलिंब. उपचाराच्या वेळी जनावर पक्कं उभं करायला लोखंडी खोडा लागतो, तो नव्हता. बैल, म्हशी लिंबाला बांधायच्या आणि देवाचं नाव घेऊन सुई टोचायची. एका वर्षी खोडा आणि वर शेड यासाठी निधी मंजूर झाला, पण हातात आला तो फेब्रुवारी संपता संपता. मार्चअखेरीला नुसता पाया खणून झाला होता. गुत्तेदार म्हणाला, "साहेब, पुऱ्या कामाचं बिल काढून ठिवू. न्हाईतर निधी माघारी जातो. समदे असंच करतेत." गावच्या पुढाऱ्याचाही निरोप आला. दवाखान्यात येणारे मेंढपाळ, शेतकरी रोज विचारत होते, "खोडा कवा व्हायचा?" मी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली आणि बिल बीडला धाडलं.

दोन दिवसांनी भर दुपारी साडू एसटीतून उतरले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. घरात न येता आधी पायाच्या चरापाशी गेले आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले.

"डॉक्टर, तुमच्या दाखल्यात खोडा उभा हाय. हितं न्हाई."

"दादा, निधी परत जाईल हो. ह्या लोकांनी काय करायचं?"

"गेलेला निधी परत मागता येतो. दिलेली सही मागता येत न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बिल तुमीच मागं घ्या. न्हाई घेतलं तर मला लिवावं लागंल. आणि मी लिवलं, की तुमची नोकरी न्हाई राहायची."

चहा न घेता पुढच्या गाडीने ते परत गेले. मी रात्रभर त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि सकाळी बीडला जाऊन बिल मागे घेतलं. त्यांच्या कारकिर्दीतला न लिहिलेला आक्षेप बहुधा तेवढा एकच असेल.

निधी गेला. माझ्या बायकोने ताईंशी बोलणं टाकलं; त्या वर्षी पंचमीला बहिणी एकमेकींकडे गेल्या नाहीत. पुढे पोळ्याच्या तोंडावर लिंबाला बांधलेल्या एका बैलाने दावं तोडलं आणि मला भिंतीशी दाबलं. डाव्या खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं. बीडच्या इस्पितळात पहिले भेटायला आले ते साडूच. स्टुलावर बसून त्यांनी एक मोसंबी सोलायला घेतली. सगळ्या शिरा काढून झाल्या तरी हात थांबेनात.

"मी बरोबर होतो, डॉक्टर," ते म्हणाले. "पण..."

त्यांचं वाक्य अपुरं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, ते नव्या वर्षाच्या मागणीच्या प्रस्तावाचा मसुदा घेऊन. "रजेच्या दिवशी लिवलाय, कागद बी घरचा हाय," एवढं आधी सांगून घेतलं. मग उजवा हात शाबूत आहे म्हणून माझ्याकडून तो चार वेळा लिहून घेतला. त्या निधीला मंजुरी वेळेत आली आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत खोडा आणि शेड उभी राहिली. बघायला आले तेव्हा साडूंनी एकेक पाइप हलवून पाहिला, मग स्वतःच खोड्यात जाऊन उभे राहिले आणि मला आडवा दांडा सरकवायला सांगितला. म्हशी घेऊन आलेले लोक हसायला लागले, तरी त्यांनी एक धक्का देऊन पाहिलाच. "हाय. उभा हाय," ते म्हणाले. बायको आतून चहा घेऊन आली आणि पहिला कप तिने त्यांच्या हातात दिला.

ते निवृत्त झाले. पुढे बिलं संगणकावरून जायला लागली. साडू गेले त्याला आता काही महिने झाले. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद कसे जुळवायचे या काळजीत मी ताईंकडे गेलो, तर ताईंनी कपाटातून एक पाकीट काढून पुढे ठेवलं. सगळे अर्ज भरलेले होते. फोटो चिकटवलेले, ताईंच्या सह्यांच्या जागी फुल्या मारलेल्या, एकाही ओळीत खाडाखोड नाही. त्यांच्या मृत्यूच्या तारखेचा रकाना तेवढा मोकळा होता, आणि समोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खात्री करून भरावी.'

ती तारीख भरायला मला फार वेळ लागला.